पॅडलवरचा पाय

पाटोद्याच्या रस्त्याला माझे गॅरेज आहे आणि ब्रेकचे काम म्हटले की आसपासचे लोक माझे नाव घेतात. हे नाव एका जुन्या, हिरव्या, दोनच माणसे बसतील अशा स्पोर्ट्स कारमुळे झाले. त्या कारचा ब्रेक मऊ का लागतो हे कोणाला उमगत नव्हते आणि ते दत्ता मिस्त्रीने, म्हणजे मी, शोधून काढले, असे लोक सांगतात. लोक खोटे बोलत नाहीत. तो ब्रेक मऊ केला कोणी, एवढेच त्यांना ठाऊक नाही. तो मी केला होता. आणि त्याचा ठपका मी लिंबाजीअण्णांच्या पायावर ठेवला होता. ही गोष्ट मी इतकी वर्षे माझ्या पत्नीलाही सांगितली नाही.

दिवाळी अंकासाठी गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा मी आनंदाने होकार दिला, कारण गमती पुष्कळ आहेत. एका टेम्पोवाल्याने ब्रेक ऑइल संपले म्हणून त्या डबीत करडईचे तेल ओतले होते. आतली रबरे फुगली आणि चाके जागच्या जागी धरली गेली. मी जाब विचारला तर तो माझ्यावरच रागावला. "तेलच हाय न मालक? घाण्यावरचं हाय, घरी आमी तेच खातो. माणसाला चालतंय तं गाडीला कावून चालत न्हाई?" दुसरा एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर. त्याच्या गाडीची लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, सारखी जळत. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब कवा थांब म्हनतील सांगता येत न्हाई, म्हनून पाय ब्रेकवरच ठिवतो." या माणसांना मी मनातल्या मनात हसत असे. अजाणतेपणी जे केले ते त्यांनी निदान तोंडावर सांगितले तरी होते, हे मला फार उशिरा सुचले. गमती लिहायला बसलो की लेखणी पुन्हा पुन्हा त्या हिरव्या गाडीकडेच जाते, म्हणून शेवटी तिचेच लिहितो.

ज्यांनी कधी गाडीखाली डोके घातलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. आपण ब्रेकचे पॅडल दाबतो तेव्हा तो दाब चाकापर्यंत कोणत्याही सळईने पोचत नाही. मध्ये नळ्या असतात आणि नळ्यांत तेल असते. तेल दबत नाही, त्यामुळे पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला पोचतो. पण त्या तेलात हवेचा एखादा बुडबुडा राहिला तर तो दबतो. मग पॅडल उशीसारखे मऊ लागते, खाली खाली जाते आणि गाडी थांबायला हवी तिथे थांबत नाही. ही हवा काढून टाकण्याचे काम दोन माणसांचे. एक जण आत बसून पॅडल दाबतो, दुसरा चाकाजवळ निजून तिथली बारीक तोटी उघडतो. तिला आम्ही निपल म्हणतो. "दाब" म्हटले की दाबायचे. तोटी उघडली की तेलाबरोबर हवा बाहेर येते. तोटी बंद होईपर्यंत "धर". ती बंद झाली की मगच "सोड". तोटी उघडी असताना पॅडलवरचा पाय सुटला तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळे कष्ट वाया जातात. चाकाखालचा माणूस आणि पॅडलवरचा माणूस एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये असतो तो फक्त आवाज आणि विश्वास.

माझ्या पॅडलवर लिंबाजीअण्णा बसत.

अण्णा माझ्याहून वयाने बरेच मोठे. त्यांचे घरदार ऊसतोडीला जाणारे. आमची ओळख कडा गावाच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या यार्डात झाली. तिथे उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त होत. एका हंगामात भरलेली ट्रॉली मागे सरकली आणि अण्णांचा उजवा पाय चाकाखाली आला. पाय वाचला, पण पुढचा भाग कायमचा चपटा झाला आणि दोन बोटे गेली. ऊस तोडणे संपले, म्हणून ते यार्डातच दुरुस्तीचे काम शिकले; मी तिथे शिकाऊ पोर म्हणून आलो तो त्यानंतर. पाना कसा धरावा इथपासून मला त्यांनी शिकवले. पुढे मी गॅरेज काढले तेव्हा ते म्हणाले, "तू मिस्त्री हो, दत्ता. मी तुज्या पॅडलवर बसतो."

यार्डात त्यांनी मला एक रीत शिकवली होती. कारखान्याचा रस्ता एका अंगाला उतरता असल्याने टायरगाडीचे एका बाजूचे चाक जास्त झिजते. म्हणून हंगामाच्या मध्यावर डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावायचे. झीज वाटली जाते आणि दोन्ही चाके हंगाम काढतात. हे शिकवताना अण्णा हमखास एक वाक्य म्हणत. "चाकाला बाजू नसती दत्ता, बैलाला असती." उजवीकडे जुंपायची सवय असलेला बैल डावीकडे जुंपला की तो जू वाकडे करतो, चालतच नाही. या वाक्याचा पहिला भाग मी आयुष्यभर वापरला. ट्रॉलीचे ड्रम, जीपची टायरे, जे जे झिजेल ते डावे-उजवे करून मी गिऱ्हाइकांचा खर्च वाचवला. दुसरा भाग मी केवळ बैलांसाठी आहे असे समजून सोडून दिला.

ती गाडी नानासाहेबांची. नानासाहेब म्हणजे आष्टीकडचे मोठे बागायतदार आणि राजकारणात मान असलेले गृहस्थ. गाडी त्यांच्या आजोबांना हैदराबादच्या कोण्या नवाबाने बक्षीस दिली, असे ते सांगत. पुण्याच्या दलालाकडून घेतली, असे त्यांचा ड्रायव्हर बंडू सांगे. ती कित्येक वर्षे शेतातल्या शेडमध्ये गोण्यांखाली पडून होती. मुलीचे लग्न ठरले आणि नानासाहेबांच्या मनात आले की नवरी मुलगी ती गाडी स्वतः चालवत मांडवात आली पाहिजे.

"लोक म्हनतेत पोरीला गाडी शिकवून काय करायचंय," नानासाहेब माझ्या बाकावर बसत म्हणाले. "आता बघू दे समद्यांना. पन दत्ता, आमच्या वस्तीचा उतार तुला म्हाईत हाय. खाली मांडव, मांडवात मान्सं. ब्रेक दगडावानी पायजे."

"दगडासारखा करून देतो, नानासाहेब," मी म्हणालो.

उभी राहून राहून गाडीचे ब्रेक जाम झाले होते. तिच्या पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क होत्या. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. असले काम मी फारसे केलेले नव्हते, पण ते बोलून दाखवणे मला कमीपणाचे वाटले. दोन्ही कॅलिपर खोलून साफ केले, रबरे बदलली. त्या वेळी मला दिसले की डाव्या बाजूचा कॅलिपर उजव्याहून जास्त झिजला आहे. हात सवयीने चालला. मी डाव्याचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसवला. बोल्ट बरोबर बसले, नळ्या पुरल्या. झीज वाटली गेली, असे वाटून मी समाधानाने हात पुसले. त्या वेळी अण्णा मागची चाके बघत होते; त्यांनी हे पाहिले नाही.

मग आम्ही हवा काढायला घेतली. दाब, धर, सोड. चारही चाके झाली. पॅडल मऊ. पुन्हा काढली. पुन्हा मऊ. चमत्कार असा, की तोटीतून येणारे तेल अगदी स्वच्छ होते. एकही बुडबुडा नव्हता. हवा आहे म्हणावे तर बाहेर येत नाही, नाही म्हणावे तर पॅडल बुडते. मी गोंधळून गेलो. मागच्या चाकांची लायनर ड्रमपासून लांब राहिली असतील म्हणून ती जवळ आणली. फरक नाही. पॅडलजवळचा मुख्य पंप, ज्याला आम्ही मास्टर सिलिंडर म्हणतो, तो आतल्या आत तेल मागे सोडत असेल म्हणून पुण्याहून त्याची रबरे मागवली. फरक नाही. नानासाहेबांचा माणूस रोज चौकशीला येई आणि मी 'उद्या' म्हणून त्याला परत पाठवी.

शेवटी मी चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून चिमट्याने आवळून पाहिल्या. मागच्या आवळल्या तर पॅडल मऊच. पुढच्या दोन्ही आवळल्या आणि पॅडल टणक झाले. म्हणजे दोष पुढच्या चाकांकडे होता. तिथल्या नळ्या फुगत असतील म्हणून नव्या घातल्या. पुन्हा हवा काढली. पुन्हा मऊ.

वास्तविक इथे थांबून विचार केला असता तर उत्तर समोर होते. पण गोंधळलेला माणूस आपल्या हातांकडे बघत नाही, तो दुसरीकडे बघतो. मी असा तर्क केला, की काम सगळे बरोबर आहे, तरी हवा राहते. म्हणजे काढलेली हवा पुन्हा आत जाते. म्हणजे तोटी बंद होण्याआधी पॅडलवरचा पाय सुटतो. तोच पाय मागच्या चाकांच्या वेळीही होता, मग तिथे हवा का शिरली नाही, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. का विचारला नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

नानासाहेब स्वतः आले होते. बंडू होता, शेजारच्या टपरीवरची माणसेही गाडी बघायला जमली होती. नानासाहेब म्हणाले, "काय रं दत्ता, लगीन तोंडावर आलं. जमत नसलं तं सांग, पुण्याला धाडतो."

मी गाडीखालून बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आण्णा, तुमचा पाय सुटायलाय."

अण्णा गाडीतच बसून होते. त्यांनी खाली, आपल्या चपट्या पायाकडे पाहिले. त्यांना राग आला असता, त्यांनी मला शिवी दिली असती, तर बरे झाले असते. ते हळूच म्हणाले, "सुटत आसंल बाबा. मला तं कळंना गेलंय." आणि ते उतरले.

"आसल्या कामाला धड पाय पायजे," नानासाहेब म्हणाले. "बंडू, जेवून ये आन् तू बस."

सगळे जेवायला गेले. अण्णा लिंबाखाली भाकरी सोडून बसले, पण जेवत नव्हते. मी डाव्या चाकाजवळ भुईवरच बसलो आणि माझे डोळे पहिल्यांदा त्या कॅलिपरच्या पातळीला आले. तोटी खालच्या बाजूला होती. आमच्या शेतात विहिरीवरून पाइपलाइन आहे. तिच्यातली हवा काढायचा व्हॉल्व्ह चढाच्या माथ्यावर बसवतात, कारण हवा नेहमी उंचावर जाऊन बसते. हे शेंबड्या पोराला ठाऊक असते. आणि इथे हवा वर आणि तोटी तळाला. हवेला बाहेर पडायला मी दार ठेवले होते, पण ते जमिनीलगत. उजवीकडेही तसेच. कॅलिपरला डावे-उजवे असते. तो चाक नव्हता, बैल होता.

मी घाईघाईने दोन्ही कॅलिपर काढले आणि ज्याच्या त्याच्या बाजूला लावले. तोट्या वर आल्या. शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होतो: अण्णा, चूक माझी होती. ते वाक्य तयार होते, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात नानासाहेब आणि बंडू परत आले. बंडू पॅडलवर बसला. दाब, धर, सोड. तोटीतून फसफसत हवा आली, मग तेल आले. बंडूने पॅडल दाबले आणि तो ओरडलाच, "आयला, दगड झाला की!"

"म्हंजी लिंबाजीचा पायच हुता!" नानासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "शोधून काडलंस रं दत्ता!" टपरीवरची माणसेही हसली.

ते तयार वाक्य माझ्या जिभेवर होते आणि मी गप्प राहिलो. मी खोटे एक अक्षर बोललो नाही. एवढ्यावर माझी सुटका होईल असे मला पुष्कळ दिवस वाटत असे.

अण्णा लिंबाखालून उठून आले आणि म्हणाले, "बरं झालं. गाडी तं नीट झाली."

लग्नात नानासाहेबांची मुलगी वैशालीताई उतारावरून ती गाडी चालवत आली आणि मांडवाच्या दारात अलगद थांबली. नानासाहेबांनी मला पुढे बोलावून माझ्या डोक्याला फेटा बांधला. समोरच्या गर्दीत लिंबाजीअण्णा उभे होते. ते इतरांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर अण्णा गॅरेजमध्ये आले, पण पॅडलवर बसले नाहीत. मी बोलावले तर म्हणत, "दुसऱ्या कोनाला घे बाबा, तुजं नाव खराब व्हईल." आणि मग एक दिवस त्यांनी येणेच बंद केले. आपल्याच्याने काम होत नसताना पगार घेणे त्यांना पटत नव्हते. मी त्यांना थांबवले का नाही? थांबवायचे तर कारण सांगावे लागले असते. त्यांनी कपिलधारला नारळ-फुलांचे दुकान टाकले. धबधबा बघायला आणि देवदर्शनाला येणाऱ्या लोकांवर त्यांचे घर चालू लागले.

मी मात्र एक गोष्ट केली. अण्णांनी येणे बंद केले त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढताना मी कोणालाही पॅडलवर बसवत नाही. तोटीला नळी लावतो, नळीचे टोक तेलाच्या बाटलीत बुडवून ठेवतो. मग पाय सुटला तरी हवा आत जात नाही, बाटलीतले तेलच ओढले जाते. सगळे एकट्याने होते. लोक म्हणतात, दत्ता मिस्त्रीची नवी पद्धत आहे. ती पद्धत नाही. आत पाय ठेवून बसलेल्या माणसाला "धर" म्हणायची माझी हिंमत उरली नव्हती.

मधल्या काळात एका बाजारच्या दिवशी अण्णांची बायको, कौसावहिनी, पाटोद्यात भेटली. मी खुशाली विचारली.

"बरं हाय, भाऊ. पन ह्यांचं एक खूळ निगालंय," ती हसत म्हणाली. "रोज सकाळी उठलं की भितीला पाय लावून दाबतेत. म्हनतेत, किती येळ धरवतोय ते बगू. मी म्हनलं, भित काय पडायची हाय का?" मग तिचे हसू गेले. "पोरानं पिकप घेतलाय. सूनबाईच्या पोटात दुखायलं, पोरगा घरी नव्हता. हे किल्ली हातात घिऊन उबे ऱ्हायले, पन गाडीत बसले न्हाईत. आखरीला शेजारच्यानं नेलं. म्हनले, माज्या पायाचा भरवसा न्हाई. आधी ट्रॅक्टर बी चालवायचे, भाऊ. आसं कावून झालं आसंल?"

मी तिच्या पिशवीत वांगी टाकायला मदत केली आणि निघून आलो. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या बाजारात फक्त माझ्याजवळ होते. त्यानंतर कितीदा तरी मी कपिलधारच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परतलो. मला कशाची भीती वाटत होती? गिऱ्हाईक तुटेल याची नव्हती. तो काळ मागे पडला होता. अण्णा रागावतील याचीही नव्हती. कदाचित ते रागावणारच नाहीत, याची होती. मी खरोखरच गोंधळलेलो होतो. मऊ पॅडलसारखेच ते होते: दाबावे तिथे खाली जाई, आणि कुठे काय अडले आहे ते हाती लागत नसे.

यंदा वैशालीताई ती हिरवी गाडी घेऊन गॅरेजवर आल्या. नानासाहेब थकले आहेत, गाडी आता त्याच सांभाळतात. ब्रेक थोडा मऊ लागत होता. या वेळी कारण साधे होते. ब्रेकचे तेल जुने झाले की हवेतले पाणी धरते आणि बिघडते. मी ते बदलत असताना ताई बाकावर बसून गप्पा मारत होत्या.

"काका, ते पायवाले आजोबा अजून आहेत का तुमच्याकडं?" त्यांनी सहज विचारले. "आमच्या घरात अजून म्हणतात. कोणी काम अर्धवट सोडलं की बाबा म्हणतात, 'झाला का लिंबाजीचा पाय!' माझी मुलंसुद्धा म्हणतात. त्यांना तर लिंबाजी कोण हेही माहीत नाही."

माझ्या हातातला पाना थांबला. एका भल्या माणसाचे नाव एका घरात म्हण होऊन बसले होते, आणि ती म्हण मी जन्माला घातली होती.

"ताई," मी म्हणालो, "ब्रेक झालाय. पण एक शेवटची पारख राहिली आहे. ती कपिलधारला करायची आहे. तुम्ही बरोबर चला."

त्यांना नवल वाटले, पण त्या आल्या. मांजरसुंब्यावरून आम्ही खाली उतरलो. ब्रेक टणक होता. दुकानांच्या रांगेसमोर मी गाडी लावली. अण्णा नारळांच्या ढिगामागे बसले होते. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच.

"कोन, दत्ता? आरं, ही तं तीच गाडी! ये, बस. च्या सांगू का?"

"चहा मागून, आण्णा. आधी जरा पॅडलवर बसा. पुढच्या चाकाची हवा काढायचीय."

त्यांचे हसू मावळले. "नको बे दत्ता. ह्या पायानं एकदा तुजं नाक कापलंय समद्यांम्होरं. आता ह्या वयात कशाला पुन्ना?"

नाक त्यांनी माझे कापले, असे ते समजत होते. मी त्यांचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच त्यांना गाडीत बसवले. मग पाना घेऊन डाव्या चाकाजवळ निजलो. नळी आणली नव्हती, बाटली आणली नव्हती. ब्रेक चांगला होता. आता पाय सुटला तर मात्र तो बिघडणार होता, आणि परतीला घाट चढून-उतरून जायचे होते. वैशालीताई काही न कळून बाजूला उभ्या होत्या. शेजारचे दुकानदारही कडेला येऊन थांबले.

"दाबा, आण्णा."

"दाबलं."

मी तोटी उघडली. तेलाची धार आली. "धरा."

"धरलंय."

तोटी बंद करायला क्षणभर पुरतो. मी ती बंद केली नाही. धार संपली, पॅडल तळाला टेकले, तरी मी तसाच पडून राहिलो. वरून त्यांचा श्वास ऐकू येत होता. धबधब्याकडून येणारी माणसे बोलत जात होती. "धरा, आण्णा."

"धरलंय बाबा. तू सोड म्हनशील तवर धरतो."

मी तोटी आवळली. "सोडा."

असे आम्ही पुन्हा पुन्हा केले, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना गरजेपेक्षा जास्त धरायला लावले. मग मी उठून तेल भरले आणि म्हणालो, "आता तुम्हीच दाबून बघा."

त्यांनी पाय ठेवला. पॅडल जरासे हलले आणि थांबले. त्यांनी पुन्हा दाबले, मग सगळा भार देऊन दाबले. ते हलले नाही. अण्णांनी खाली वाकून आपल्या पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. लहान मुलाला हिशेब चुकलेला दिसावा तसा निव्वळ गोंधळ होता.

"दत्ता, आता म्हातारपनी सुटला न्हाई," ते म्हणाले. "मंग तवा कावून सुटला आसंल रं?"

त्या दिवशी जे वाक्य मी जुळवून ठेवले होते, ते आठवले नाही. पण आरोप मी चारचौघांत केला होता, म्हणून मी वैशालीताईंना आणि दुकानदारांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. मोठ्याने बोलण्याची मला सवय नाही.

"आण्णा, तवाबी तुमचा पाय सुटला नव्हता. कॅलिपर मी डावे-उजवे केले होते, म्हणून हवा निघत नव्हती. तुम्ही लिंबाखाली बसला होता तवाच मला कळलं, मी गुपचूप बदलले, आन् समदे तुम्हाला हसले तवा मी तोंड उघडलं न्हाई. फेटा बी बांधून घेतला. ताई, तुमच्या घरी सांगा, लिंबाजीचा पाय पक्का हाय, खोट माझ्यात होती. आण्णा, लई उशीर केला मी. माझं चुकलं. मला माफ करा."